ओसाड खोरी, जागती बेटे
स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील श्रद्धेचा इतिहास

स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख आणि त्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात विखुरलेली हेब्रिडीज बेटे पाहण्यासाठी दरवर्षी जगभरातून प्रवासी येतात. एडिंबरो किंवा ग्लासगो शहरातून पंधरा-सोळा प्रवाशांची एक छोटी बस निघते. गाडी हाकणारा इसमच वाटाड्याचेही काम करतो. पाच-सात दिवसांत ती बस ग्लेनको, फोर्ट विल्यम, ग्लेनफिनन, स्काय असे टप्पे घेत पुढे बोटीत चढते, युइस्ट आणि बारा बेटांवरून जाते, आणि मल बेट ओलांडून आयोनापाशी प्रवास संपवते. आता आपल्या समाजातील कुटुंबेही मुलाबाळांच्या निमित्ताने परदेशी जातात आणि अशा सहलींत सामील होतात. परत आल्यावर धुके, सरोवरे, भग्न किल्ले आणि कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या यांची छायाचित्रे कौतुकाने दाखवली जातात.

त्या छायाचित्रांत माणसे क्वचितच दिसतात. मैलोन्‌मैल पसरलेल्या दरीत एखादे घर आणि गवतात बुडालेल्या दगडी भिंतींचे चौथरे, एवढेच असते. हे ओसाडपण निसर्गानेच दिले आहे अशी पाहणाऱ्याची समजूत होते. वस्तुस्थिती निराळी आहे. यांतील अनेक खोरी दोनशे वर्षांपूर्वी माणसांनी गजबजलेली होती. ती रिकामी कशी झाली, कोणी केली, आणि ज्या थोड्या बेटांवर माणसे व त्यांची कॅथलिक श्रद्धा टिकून राहिली ती कशाच्या बळावर, हे जाणून घेतल्यास ती सहल तीर्थयात्रेच्या योग्यतेची होईल. म्हणून हा लेखनप्रपंच.

रस्ते कोणासाठी झाले?

प्रथम ज्या रस्त्यावरून बस धावते त्याचाच विचार करू. डोंगराळ मुलखात अठराव्या शतकापर्यंत चाकाची गाडी जाऊ शकेल असा रस्ता जवळजवळ नव्हताच. स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी १७१५ साली या भागात उठाव झाला. तो मोडल्यावर इंग्रज सरकारने जनरल जॉर्ज वेड यांस उत्तरेकडे धाडले. १७२५ ते १७३७ या काळात त्यांनी सुमारे २५० मैल रस्ते आणि सुमारे ४० पूल बांधवले. त्यांच्यामागून विल्यम कॉलफील्ड यांनी ते काम कितीतरी पटींनी वाढवले. रस्ते सैनिकांनी बांधले आणि ते सैनिकांसाठीच होते. १८०३ सालानंतर थॉमस टेलफर्ड या थोर अभियंत्याने शेकडो मैलांचे नवे मार्ग आखले, ते व्यापाराच्या सोयीसाठी. त्या मार्गांनी मेंढ्यांचे कळप आत आले आणि माणसे बाहेर गेली.

या रस्त्यावरचा पहिला मोठा मुक्काम म्हणजे ग्लेनकोची दरी. दोन्ही बाजूंस काळेकभिन्न कडे, मधून वाहणारा प्रवाह, असे ते दृश्य आहे. १६९२ साली येथे जे घडले ते सर्व वाटाडे सांगतात. राजा विल्यमशी एकनिष्ठ राहण्याची शपथ १ जानेवारीपूर्वी घ्यावी असा सर्व गोतप्रमुखांना हुकूम होता. ग्लेनकोच्या मॅकडॉनल्डांचा वृद्ध प्रमुख चुकीच्या ठिकाणी गेल्यामुळे ६ जानेवारीस शपथ घेऊ शकला. तेवढे निमित्त पुरे झाले. कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेल यांच्या हाताखालील शिपाई सुमारे बारा दिवस त्याच मॅकडॉनल्डांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले, त्यांचे अन्न जेवले, आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्यांनी यजमानांवरच शस्त्र उगारले. ३८ जण मारले गेले. बर्फात पळालेल्या बायकामुलांपैकी अनेक जण थंडीने मेले. स्कॉटलंडच्या कायद्यात विश्वासघाताने केलेली हत्या हा साध्या खुनापेक्षाही घोर गुन्हा मानला जात असे. १६९५ साली चौकशी झाली, पण शिक्षा कोणासच झाली नाही. अतिथी हा देवाने धाडलेला असतो असे मानणाऱ्या समाजाच्या मनावर त्या पहाटेचा ओरखडा आजही आहे.

आयोना : एका बेटावरचा दीप

सहलीत आयोना बहुधा शेवटी येते. इतिहासात मात्र तिचा मान पहिला आहे. ५६३ साली संत कोलंबा आपल्या बारा सहकाऱ्यांसह आयर्लंडहून होडीने निघाले आणि साडेतीन मैलांहून कमी लांबीच्या या बेटावर उतरले. तेथे त्यांनी मठ स्थापन केला. प्रार्थना, शेती, मासेमारी आणि हस्तलिखिते तयार करणे ही त्या मठवासीयांची दिनचर्या होती. तेथूनच शुभवर्तमान उत्तर स्कॉटलंडमध्ये आणि पुढे उत्तर इंग्लंडमध्ये पोहोचले. ५९७ सालच्या ९ जून रोजी संत कोलंबांनी देह ठेवला. त्यांचे चरित्र लिहिणारे संत अदोम्नान हे त्याच मठाचे नववे मठाधिपती. ६९७ साली त्यांच्या पुढाकाराने आयर्लंडमधील बर येथे एक कायदा संमत झाला. युद्धात स्त्रिया, मुले व धर्मसेवक यांस इजा करू नये असा त्याचा आशय होता. आज जगातील राष्ट्रे ज्या तत्त्वाचा उच्चार करतात व ज्याचा वारंवार भंग करतात, ते तत्त्व तेराशे वर्षांपूर्वी एका मठवासी संताने कायद्यात बसवले होते.

पुढे समुद्रमार्गे व्हायकिंग आले. ७९५ साली पहिली लूट झाली. ८०६ साली ६८ मठवासी कापले गेले. 'केल्सचा ग्रंथ' या नावाने ख्यातनाम असलेली शुभवर्तमानाची सचित्र पोथी आयोनालाच लिहावयास घेतली गेली असावी व संकटकाळी ती आयर्लंडला हलवली गेली असावी, असे विद्वान मानतात. सुमारे १२०० साली तेथे बेनेडिक्टाईन मठ आणि व्रतस्थ भगिनींचा मठ उभा राहिला. धर्मसुधारणेनंतर दोन्ही ओस पडले. १८९९ साली अर्गाइलच्या ड्यूकने ते अवशेष एका विश्वस्त मंडळाकडे सोपवताना सर्व ख्रिस्ती पंथांना तेथे उपासना करता यावी अशी तरतूद केली. १९३८ साली स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे धर्मगुरू जॉर्ज मॅक्लाऊड यांनी बेकार कारागीर आणि तरुण धर्मसेवक यांना एकत्र आणून मठाची पुनर्बांधणी आरंभली. आठव्या शतकातील संत मार्टिनचा दगडी क्रूस मात्र या सर्व उलथापालथीत आपल्या जागेवरून हललेला नाही.

मिस्साविना शंभर वर्षे

१५६० साली ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडच्या संसदेने पोपमहोदयांची सत्ता नाकारली व मिस्साबली बेकायदा ठरवला. मिस्सा अर्पण करणाऱ्यास किंवा ऐकणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याबद्दल मालमत्तेची जप्ती, दुसऱ्याबद्दल हद्दपारी आणि तिसऱ्याबद्दल देहान्त, अशी शिक्षा होती. मृत्युदंड फारसे झाले नाहीत, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु येशूसंघीय धर्मगुरू जॉन ओगिल्वी यांस १० मार्च १६१५ रोजी ग्लासगो येथे फाशी देण्यात आले. १९७६ साली पोप सहावे पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले.

दूरच्या बेटांवर कायद्याचा हात सहजी पोहोचत नव्हता. तेथील संकट वेगळे होते. जुने धर्मगुरू वृद्धापकाळाने निवर्तले आणि त्यांच्या जागी नवे आलेच नाहीत. श्रद्धा होती, पण साक्रामेंते नव्हती. अशा वेळी आयरिश बंधू धावून आले. बेल्जियममधील लुव्हें येथील आयरिश फ्रान्सिस्कन मठातून १६१९ साली पहिले मिशनरी बेटांवर उतरले. आयरिश आणि स्कॉटिश गेलिक या सख्ख्या बहिणी असल्याने त्यांना दुभाष्याची गरज भासली नाही. १६५१ साली संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी आपल्या संघातील फादर डरमॉट डगन यांना पाठवले. सुक्या भाकरीच्या तुकड्यावर आणि थोड्या चीजवर दिवस काढत ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात. आयुष्याची संध्याकाळ झालेली, परंतु बाप्तिस्मा न मिळालेली माणसे आपणांस भेटली, असे त्यांनी पत्रांतून कळवले आहे. सहा वर्षांच्या अविश्रांत श्रमांनंतर १६५७ साली ते युइस्टमध्ये निवर्तले.

प्रवाशाला आढळते की, उत्तरेकडील लुईस, हॅरिस व उत्तर युइस्ट ही बेटे कडवी प्रेस्बिटेरियन आहेत, तर दक्षिण युइस्ट, एरिस्के आणि बारा ही कॅथलिक. मधले बेनबेक्युला बेट मिश्र आहे. या सीमारेषेचे कारण बव्हंशी गोतप्रमुखांत सापडते. दक्षिणेकडील क्लॅनरॅनल्ड व बाराचे मॅकनील यांनी मिशनऱ्यांना थारा दिला, म्हणून त्यांची प्रजा कॅथलिक राहिली. मात्र पुढे जेव्हा प्रमुखच फिरले तेव्हा प्रजा फिरली नाही. हा भाग पुढे येईल.

मोररचे बेट, स्कालनची झोपडी, ग्लेनफिननचे निशाण

धर्मगुरू बाहेरून किती दिवस येणार? ते या मातीतच घडले पाहिजेत हे ओळखून बिशप जेम्स गॉर्डन यांनी १७१४ साली मोरर सरोवरातील एका चिमुकल्या बेटावर गुरुविद्यालय सुरू केले. लगेचच १७१५ चा उठाव झाला आणि ते बंद पडले. त्यानंतर ग्लेनलिव्हेटच्या डोंगरात स्कालन येथे दुसरे उभे राहिले. स्कालन या गेलिक शब्दाचा अर्थच मुळी मातीगवताचे खोपट असा आहे. १७९९ सालापर्यंत, म्हणजे आठ दशकांहून अधिक काळ, तेथे मूठभर मुले लॅटिन शिकत राहिली. शंभरावर धर्मगुरू त्या झोपडीच्या छायेत घडले. ज्याने गुरुविद्यालयातील शिस्तीचे दिवस काढले आहेत त्याला स्कालनचे नाव उच्चारताना आदर वाटल्यावाचून राहत नाही.

आता ग्लेनफिनन. तेथे पर्यटकांची झुंबड असते ती २१ कमानींच्या रेल्वेपुलावरून धूर सोडत जाणारी गाडी पाहण्यासाठी. हॅरी पॉटरच्या चित्रपटांनी तो पूल जगप्रसिद्ध केला. पुलाकडे पाठ केली की सरोवराच्या काठी १८१५ साली उभारलेला एक मनोरा दिसतो. राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट २३ जुलै १७४५ रोजी एरिस्के बेटावर उतरला आणि १९ ऑगस्ट रोजी त्याने येथे आपले निशाण उभारले. ते निशाण बिशप ह्यू मॅकडॉनल्ड यांनी आशीर्वादित केले. राजपुत्राच्या सैन्यात कॅथलिकांपेक्षा एपिस्कोपल पंथीयांचीच संख्या मोठी होती. तरीही त्या आशीर्वादाने कॅथलिक ख्रिस्तसभेचे नशीब एका राजघराण्याच्या नशिबाशी जाहीरपणे जोडले गेले.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत सर्व काही संपले. राजपुत्राचे सुमारे १५०० लोक ठार वा जखमी झाले. त्यानंतर सूडसत्र सुरू झाले. स्कालन जाळले गेले. मोरर सरोवरावरील बेटाची झडती झाली. बिशप मॅकडॉनल्ड यांना फ्रान्सला पळून जावे लागले. तीन वर्षांनी ते परतले. युद्धात जखमींची सेवा करणारे येशूसंघीय फादर अलेक्झांडर कॅमेरन त्याच वर्षी थेम्स नदीतील तुरुंगजहाजावर मरण पावले. डोंगरी पोशाखावर बंदी आली, ती १७८२ पर्यंत उठली नाही. गोतप्रमुखांचे न्यायदानाचे परंपरागत अधिकार काढून घेण्यात आले. राजपुत्र मात्र दक्षिण युइस्टच्या फ्लोरा मॅकडॉनल्ड हिच्या धैर्यामुळे दासीच्या वेषात स्कायला निसटला व पुढे युरोपात गेला. सर्व सहलींत ही कथा रंगवून सांगतात. त्याच्यामागे जे राहिले त्यांचे काय झाले ते थोडे वाटाडे सांगतात. ख्रिस्तसभेने सिंहासनाच्या छायेत आसरा शोधला की किंमत झोपडीतील माणसाला मोजावी लागते, असा धडा या प्रकरणातून मिळतो.

पिवळ्या काठीचा धर्म

कलोडननंतर गोतप्रमुखांचे रूपांतर जमीनदारांत झाले. पूर्वी त्यांना लढवय्ये हवे होते. आता त्यांना खंड हवा होता. १७७० च्या सुमारास दक्षिण युइस्टमधील बॉइसडेलचा कॉलिन मॅकडॉनल्ड याने आपल्या कॅथलिक कुळांवर धर्मांतराची सक्ती आरंभली. त्याने प्रॉटेस्टंट शिक्षक नेमला आणि मुलांना त्याच्याकडे धाडण्यास आईबापांना भाग पाडले. शाळेत श्रद्धेची निंदा करणारी वाक्ये मुलांकडून गिरवून घेतली जात. उपवासकाळात त्यांच्या तोंडात मांस कोंबले गेल्याचीही नोंद आहे. हे कळताच पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. मग जमीनदाराने सर्वांस निक्षून सांगितले की, एक तर धर्म सोडा, नाही तर जमीन सोडा. काठीने हाकून लोकांना प्रॉटेस्टंट देवळात नेण्याच्या आठवणी बेटांवर अजून सांगितल्या जातात. त्या धर्माला लोकांनी 'पिवळ्या काठीचा धर्म' असे नाव दिले.

कुळांनी जमीन सोडण्याची तयारी दाखवली. स्कॉटलंडचे बिशप जॉर्ज हे आणि लंडनचे बिशप रिचर्ड चॅलोनर यांनी पैसा उभारला. ग्लेनॲलाडेलचे जॉन मॅकडॉनल्ड या कॅथलिक सद्‌गृहस्थाने स्वतःची मालमत्ता त्यापायी लावली आणि कॅनडातील आजच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर जमीन घेतली. १७७२ साली 'अलेक्झांडर' जहाजातून सुमारे २१० माणसे निघाली. त्यांतील निम्म्याच्या आसपास युइस्टची होती. त्यांच्याबरोबर एक धर्मगुरूही गेले. कुळेच निघून गेली तर खंड कोण देणार, या भीतीने इतर जमीनदार शहाणे झाले व सक्ती थांबली. जे गेले त्यांच्या त्यागामुळे मागे राहिलेल्यांची श्रद्धा वाचली. ज्यांच्या हाती काहीच नव्हते अशा कोळ्या-कुणब्यांनी विवेकस्वातंत्र्यासाठी घरदार सोडले, ही गोष्ट माझ्या मते कलोडनच्या लढाईहून मोठी आहे.

मेंढ्या आल्या, माणसे गेली

यापुढचा काळ जमीनखालसाईचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकरीचा भाव चढला. शंभर कुटुंबांच्या खंडापेक्षा एका मेंढपाळ कंत्राटदाराचा खंड अधिक, असा सरळ हिशेब झाला. सदरलँड परगण्यात १८०७ ते १८२१ या काळात हजारो माणसे आतल्या खोऱ्यांतून समुद्रकाठच्या खडकाळ पट्ट्यांवर ढकलली गेली. परत येऊ नयेत म्हणून घरांची लाकडे जाळण्यात आली. पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर १८१६ साली खटला चालला. तो निर्दोष सुटला.

बेटांवर थोडा काळ निराळे चित्र होते. समुद्रशैवाल जाळून त्याच्या राखेपासून साबण व काच यांसाठी लागणारा क्षार मिळे. नेपोलियनच्या युद्धांमुळे परदेशी माल बंद होता, म्हणून या राखेला सोन्याचे मोल आले. नफा जमीनदाराच्या खिशात गेला; बर्फासारख्या पाण्यात कमरेएवढे उभे राहून शैवाल कापणाऱ्या कुळाच्या वाट्यास जेमतेम पोटापुरते आले. युद्ध संपले, परदेशी क्षार स्वस्त झाला आणि धंदा बसला. पाठोपाठ १८४६ साली बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ आला.

या अवस्थेत अनेक तरुणांपुढे एकच वाट होती, ती म्हणजे सैन्याची. येथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली लढला, तेव्हा त्याच्या सैन्याच्या अग्रभागी ७४ वी आणि ७८ वी या दोन डोंगरी पलटणी होत्या. ७८ वी पलटण रॉस परगण्यातील मॅकेन्झी घराण्याने उभारली होती. परक्या राजासाठी मराठ्यांशी लढताना त्यांतील कित्येक जण आपल्या मातीत गाडले गेले; त्यांच्या गावाकडे मात्र खोरी रिकामी होत होती. मल बेटावर ग्रुलिन येथे लॅक्लन मॅक्वारी यांची समाधी सहलीतील प्रवाशांना दाखवतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर म्हणून ते विख्यात आहेत. ते शेजारच्या उल्व्हा बेटाचे. तरुणपणी मुंबईत लष्करी अधिकारी होते आणि १७९३ साली त्यांनी मुंबईतच जेन जार्विस हिच्याशी विवाह केला. तिचे अकाली निधन झाले व तिला मुंबईत पुरण्यात आले. मलवरील आपल्या जमिनीस त्यांनी तिचेच नाव दिले.

मेंढपाळांचा कस

बारा, दक्षिण युइस्ट आणि बेनबेक्युला ही बेटे कर्नल जॉन गॉर्डन या धनाढ्याने विकत घेतली होती. १८५१ साली त्याने तेथील कुळांना काढून लावले. खंडाविषयी बोलायचे आहे असे सांगून लोकांना लॉखबॉइसडेल येथे बोलावण्यात आले आणि धरून जहाजात कोंबण्यात आले. डोंगरात पळालेल्यांचा पाठलाग झाला. दीड हजारांहून अधिक माणसे क्वेबेकच्या धक्क्यावर अंगावरच्या चिंध्यांनिशी उतरली.

अशा वेळी धर्मसेवक कोठे उभे होते? हा प्रश्न माझ्यासारख्याला टाळता येत नाही. त्याची दोन उत्तरे इतिहासात शेजारी शेजारी आहेत. १८४५ साली ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यातून हुसकावलेली अठरा प्रेस्बिटेरियन कुटुंबे क्रॉइक येथील देवळाच्या आवारात आसऱ्याला राहिली. देवळाच्या खिडकीच्या काचांवर त्यांनी कोरलेली अक्षरे आजही वाचता येतात. आपण पापी पिढी आहोत असे त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले आहे. जमीनदाराने काढले, आणि त्यांनी दोष स्वतःच्या पापाला दिला. हे दुःख तुमच्या पापांचे फळ आहे, असे प्रवचन त्या काळी अनेक व्यासपीठांवरून ऐकू येत होते. सर्वच पाळक तसे नव्हते. पण ज्यांची नेमणूक व उपजीविका जमीनदाराच्या हाती होती, त्यांतील अनेकांची जीभ त्याच्याविरुद्ध उचलली नाही.

दुसरे उत्तर नॉयडार्टचे आहे. १८५३ साली तेथील तीनशेहून अधिक कॅथलिक माणसांना 'सिलरी' जहाजातून कॅनडास धाडले गेले. जी कुटुंबे जाण्यास तयार नव्हती त्यांची घरे पाडली गेली. भिंतीच्या आडोशाला त्यांनी उभारलेली पालेही पुनःपुन्हा मोडली गेली. तेथील धर्मगुरू फादर कोल मॅकडॉनल्ड यांनी आपल्या बागेत त्यांना तंबू ठोकू दिले. जहाज थांबवण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी नव्हते. आपले अंगण मात्र त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी दिले. आज मोठे कार्य करता येत नाही म्हणून हात जोडून बसणाऱ्या आपणां धर्मगुरूंना व धर्मग्रामांना त्या बागेने अंतर्मुख करावे.

चुलीपाशी जपलेली श्रद्धा

इतके होऊनही श्रद्धा उरली कशी? धर्मगुरू वर्षातून एकदा-दोनदा येई. देऊळ म्हणजे गवताने शाकारलेले घर. तेव्हा घर हेच देऊळ झाले. अलेक्झांडर कारमायकल नावाचे एक अबकारी अधिकारी नोकरीच्या निमित्ताने बेटांवर फिरत. त्यांनी वृद्ध स्त्री-पुरुषांकडून गेलिक प्रार्थना टिपून घेतल्या व १९०० साली त्यांचे पहिले दोन खंड प्रसिद्ध केले. सकाळी चूल पेटवताना, गाय पिळताना, होडी पाण्यात लोटताना, बी पेरताना म्हणावयाची प्रत्येकाची वेगळी प्रार्थना होती. रात्री घरधनीण निखारे राखेखाली झाकून ठेवी, ते पवित्र त्रैक्याचे नाव घेऊनच. विस्तव सकाळपर्यंत विझू नये ही तिची काळजी. पिढ्यानुपिढ्यांची श्रद्धाही अशीच राखेखाली राखली गेली.

या परंपरेचे मोल ज्यांनी ओळखले त्यांत फादर ॲलन मॅकडॉनल्ड अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १८५९ साली फोर्ट विल्यम येथे झाला. शिक्षण ब्लेअर्स येथे आणि स्पेनमधील व्हॅलाडॉलिड येथे. दक्षिण युइस्टच्या विस्तीर्ण धर्मग्रामात ऊन-पावसाची तमा न बाळगता पायपीट करून त्यांची प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांना छोट्या एरिस्के बेटावर धाडण्यात आले. तेथे त्यांनी लोकांच्या मदतीने संत मायकलचे देऊळ बांधले. ते १९०३ साली पुरे झाले. मच्छीमारांनी एका रात्रीची सारी मासळी देवळासाठी अर्पण केली, असे सांगतात. फादर ॲलन यांनी गेलिक स्तोत्रे रचली, लोककथा, म्हणी आणि शब्द वह्यांतून उतरवून घेतले. १९०५ साली, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांचा शब्दसंग्रह १९५८ साली ग्रंथरूपाने बाहेर पडला. सरकारी शाळांचा १८७२ चा शिक्षण कायदा गेलिकचे नावही घेत नव्हता, त्या काळात एका धर्मगुरूने आपल्या लोकांची बोली ही देवाची देणगी मानून जतन केली, हे बोलीभाषा बोलणाऱ्या आपल्या समाजाने विशेष ध्यानी घ्यावे.

त्या देवळातील वेदी एका जहाजाच्या होडीच्या नाळेवर टेकलेली आहे, आणि बाहेरची घंटा समुद्रात बुडालेल्या एका जर्मन युद्धनौकेची आहे. एरिस्केजवळ १९४१ साली व्हिस्कीने भरलेले जहाज फुटले, ती गमतीदार कथा वाटाडे आवर्जून सांगतात. प्रवाशांनी ती जरूर ऐकावी. पण देवळात दहा मिनिटे गुडघे टेकल्याशिवाय बेट सोडू नये.

जमीन परत आली

इतिहासाचा शेवट केवळ विलापाने होत नाही. १८८२ साली स्कायमध्ये कुळांनी खंड देण्याचे नाकारले आणि पोलिसांशी झटापट झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला. १८८६ च्या कायद्याने छोट्या कुळांना वाजवी खंड, कायम कूळहक्क आणि वारसाहक्क मिळाला. तरीही जमीन अपुरी होती. बारा व मिंगुले येथील भूमिहीनांनी शेजारच्या व्हॅटरसे बेटावर ताबा घेऊन झोपड्या घातल्या. १९०८ साली त्यांतील दहा जणांना तुरुंगात जावे लागले. लोकमत खवळले व पुढील वर्षी सरकारने ते बेट विकत घेऊन कुळांना दिले. १९९७ साली एग बेटाच्या रहिवाशांनी आपले बेट स्वतः विकत घेतले. २००६ साली दक्षिण युइस्ट, एरिस्के आणि बेनबेक्युलाचा मोठा भाग, एकूण ९० हजार एकरांहून अधिक जमीन, तेथील लोकांच्या सामुदायिक मालकीची झाली. गॉर्डनने ज्या जमिनीवरून लोकांना हाकलले होते, तीच ही जमीन.

दक्षिण युइस्टच्या रस्त्यावरून बस जाते तेव्हा जागोजागी पवित्र मरियेची छोटी स्मारके दिसतात. रुएव्हल टेकडीच्या उतारावर बाळ येशूला उंच धरलेली मरियेची सुमारे तीस फूट उंचीची शुभ्र पाषाणमूर्ती आहे. ह्यू लॉरिमर या शिल्पकाराने घडवलेली ही मूर्ती १९५७ साली उभी राहिली. त्यापूर्वी दोन वर्षे सरकारने बेटावर क्षेपणास्त्रांचे चाचणीकेंद्र उभारण्याची योजना जाहीर केली होती. पुन्हा जमीन जाणार, पुन्हा भाषा आणि श्रद्धा यांवर संकट येणार, असे लोकांना वाटले. त्यांचे धर्मगुरू कॅनन जॉन मॉरिसन यांनी विरोधाचे नेतृत्व केले. केंद्र शेवटी झालेच, परंतु मूळ योजनेपेक्षा लहान झाले. मूर्तीही तेथेच आहे.

वाचकहो, आपणांपैकी कोणी त्या मुलखात गेलाच तर एवढे करावे. ओसाड दरीत गाडी थांबली की फक्त छायाचित्र काढून परत चढू नये. येथे कोणते गाव होते, ते वाटाड्यास विचारावे. रविवारी युइस्ट किंवा बारा बेटावर मुक्काम असेल तर पवित्र मिस्साला जावे आणि शक्य झाल्यास गेलिक स्तोत्रे ऐकावीत. उत्तरेकडील प्रेस्बिटेरियन बेटांवर रविवार किती निष्ठेने पाळला जातो, तेही आदराने पाहावे. आणि जे घरीच राहणार आहेत त्यांनी आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी कुटुंबासह एक जपमाळ म्हणावी. धर्मगुरूवाचून, देवळावाचून आणि पुस्तकावाचून ज्या घरांनी श्रद्धा जपली, त्यांच्याशी आपले नाते जोडण्यास विमानाच्या तिकिटाची गरज नाही.